मान वळतेय, पाय चालतायत, मग मणका मोडला कसा?

पत्र :

डॉक्टर, माझे वडील ७९ वर्षांचे आहेत. गेल्या महिन्यात रात्री बाथरूमला जाताना ते अडखळले आणि तोंडावर पडले. कपाळ फुटलं, टाके पडले. डोक्याचा सीटी चांगला आला. मानेचा एक्स-रे काढला, त्यातही काही नाही म्हणाले. घरी आल्यावर मात्र मान आणि डोक्याची मागची बाजू सतत दुखत राहिली. अंथरुणातून उठताना बाबा दोन्ही हातांनी डोकं धरून उठायचे. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी मानेचा सीटी करायला लावला आणि रिपोर्ट आला : 'टाइप टू ओडोन्टॉइड फ्रॅक्चर, मागच्या बाजूला २ मिलिमीटर सरकलेलं.' हे डॉक्टर म्हणतात, तीन महिने कडक कॉलर लावा. आणखी एकांचं मत घेतलं, तर ते म्हणतात, ऑपरेशन करून स्क्रू टाकावे लागतील. इकडे बाबा हिंडतात-फिरतात, हातापायांत मुंग्या नाहीत, कमजोरी नाही. ते म्हणतात, "मान मोडली असती तर मी असा बसलो असतो का?" कॉलर टोचते म्हणून दुपारी काढून ठेवतात. मावशीने मान बसवून देणाऱ्या एकांचं नाव सुचवलंय आणि माझा भाऊ बाबांना तिकडे न्यायच्या विचारात आहे. आम्ही कुणाचं ऐकायचं? हे खरंच इतकं गंभीर आहे का?

– एक मुलगी

उत्तर :

ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. हो, गंभीर आहे. भावाला आत्ता फोन करा आणि मान बसवायला न्यायचा विचार डोक्यातून काढून टाकायला सांगा. मसाज नाही, शेक देताना मान चोळणं नाही, मान ओढणं तर नाहीच नाही. आणि कॉलर दुपारीसुद्धा काढायची नाही. एवढं झालं की बाकीचं शांतपणे वाचा, कारण ऑपरेशनचा निर्णय आज रात्रीतून घ्यायचा नाहीये. त्याला थोडा वेळ आहे आणि तो वेळ नीट समजून घेण्यात घालवावा असं मला मनापासून वाटतं.

बाबांचा प्रश्न अगदी रास्त आहे. मान मोडलेला माणूस म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर हातपाय लुळे पडलेला माणूस येतो. मग हे इतके ठणठणीत कसे? याचं उत्तर त्यांच्या मोडलेल्या मणक्याच्या रचनेतच आहे. ती रचना त्यांना नीट कळली, तर कॉलर काढू नका असं तुम्हाला सारखं बजावावं लागणार नाही. म्हणून जरा सविस्तर सांगतो. जमलं तर हे त्यांना वाचून दाखवा.

मानेत सात मणके असतात. खालचे पाच दिसायला साधारण एकसारखे. पुढे जाड गोल भाग, मागे कमान, मधल्या पोकळीतून मज्जारज्जू जातो आणि दोन मणक्यांच्या मध्ये गादी. वरचे दोन मात्र या साच्यात बसत नाहीत. पहिला, ॲटलास, म्हणजे नुसतं हाडाचं कडं. त्याला पुढचा जाड भागच नाही. कवटी त्याच्यावर टेकलेली असते आणि आपण होकारार्थी मान हलवतो ती हालचाल मुख्यतः कवटी आणि ॲटलास यांच्यामधल्या सांध्यात होते. दुसरा मणका ॲक्सिस. बाबांचा मोडलाय तो हा. याच्या अंगातून वरच्या दिशेने साधारण दीड सेंटिमीटर उंचीचा एक हाडाचा सुळका निघतो. त्याला ओडोन्टॉइड किंवा डेन्स म्हणतात. हा सुळका वरच्या मणक्याच्या कड्यात, पुढच्या बाजूला बसलेला असतो. जात्याच्या खालच्या दगडातला खुंटा वरच्या दगडात येतो आणि वरचा दगड त्याच्याभोवती फिरतो, तशीच ही मांडणी आहे : डेन्स जागेवर राहतो आणि त्याच्याभोवती ॲटलास, ॲटलासवरची कवटी, म्हणजे आपलं सगळं डोकं फिरतं. आपण नाही म्हणताना मान हलवतो, कुणी हाक मारली की वळून बघतो, त्या वळण्यातला जवळजवळ निम्मा भाग या एकाच जोडीतून येतो. उरलेला निम्मा खालच्या सगळ्या मणक्यांनी मिळून वाटून घेतलेला असतो.

एवढी हालचाल हवी म्हणून या दोन मणक्यांच्या मध्ये गादी नसते आणि हाडंही एकमेकांत घट्ट अडकलेली नसतात. सगळी भिस्त अस्थिबंधांवर, म्हणजे लिगामेंटवर. त्यातला सगळ्यात महत्त्वाचा आडवा अस्थिबंध. तो ॲटलासच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे, डेन्सच्या पाठीमागून जातो आणि डेन्सला कड्याच्या पुढच्या भागाशी धरून ठेवतो. डेन्सच्या टोकाकडून आणखी दोन बळकट अस्थिबंध कवटीकडे जातात. मान गरजेपेक्षा जास्त वळू नये याची काळजी ते घेतात. या आडव्या अस्थिबंधाच्या लगेच मागे मज्जारज्जू आहे. मेंदूकडून हातापायांकडे, श्वासाच्या स्नायूंकडे, लघवीच्या पिशवीकडे जाणारं सगळं काही तिथून, करंगळीएवढ्या जाडीच्या दोरीतून जातं.

आता बाबांच्या प्रश्नाकडे येतो. मज्जारज्जूची पोकळी सगळीकडे सारखी रुंद नसते. मानेच्या खालच्या भागात ती बेताचीच असते, पण ॲटलासच्या पातळीवर चांगली ऐसपैस असते. स्टील यांनी १९६८ मध्ये एक सोपा हिशेब मांडला, तो आजही शिकवला जातो : तिथली पुढून मागची जागा साधारण तीन सेंटिमीटर. त्यातला एक तृतीयांश भाग डेन्सचा, एक तृतीयांश मज्जारज्जूचा आणि उरलेला एक तृतीयांश मोकळा. बाबांचं हाड मोडून २ मिलिमीटर मागे सरकलंय. ते सरकणं या मोकळ्या जागेत मावलं, मज्जारज्जूला धक्का लागला नाही. म्हणून ते चालतायत.

ही मोकळी जागा हीच त्यांची सध्याची पुंजी आहे. ती पुरेशी आहे, पण अमर्याद नाही. वरचा तुकडा आणि त्याला धरून असलेला ॲटलास आता खालच्या मणक्याला पक्का जोडलेला नाही. पुन्हा पडले, गाडीने जोरात ब्रेक मारला, कुणी मान धरून झटका दिला, तर तो २ मिलिमीटरवर थांबेल याची हमी कुणीच देऊ शकत नाही. आणि या उंचीवर मज्जारज्जू दबला तर फक्त हातपाय जात नाहीत. श्वासपटल हलवणारी नस मानेतल्या तिसऱ्या ते पाचव्या मज्जातंतूंपासून बनते, म्हणजे या जागेच्या खालून. वर इजा झाली की श्वासच थांबतो. ज्यांच्या बाबतीत अपघाताच्या क्षणीच तसं होतं, ते बहुधा दवाखान्यापर्यंत पोचत नाहीत. जे पोचतात त्यांच्यातले बहुतेक जण तुमच्या बाबांसारखे असतात, चालते-बोलते आणि मान दुखतेय म्हणणारे. चालता येतंय म्हणून मोडलेलं नाही, हा निष्कर्ष या मणक्याबाबत काढताच येत नाही. मान बसवायची असं म्हणणाऱ्या माणसाचा हेतू चांगला असेलही, पण इथे बसवायला काही जागेवरून निसटलेलं नाही, इथे हाड तुटलंय.

बाबा डोकं हातात धरून उठायचे हे तुम्ही लिहिलंत, ते वाचून मी थांबलो. वरच्या मणक्यांना धरून ठेवणारं काही तुटलं की माणूस नकळत हेच करतो. त्याच्या शरीराला कळलेलं असतं की डोक्याला खालून आधार उरलेला नाही. मणक्यांचं काम करणारे डॉक्टर ही खूण ओळखतात. डोक्याच्या मागून टाळूकडे चढणारी कळही इथलीच. मानेच्या दुसऱ्या मज्जातंतूची मोठी शाखा डोक्याच्या मागच्या त्वचेला जाते, म्हणून दुखणं मानेचं असलं तरी जाणवतं डोक्यात. तुम्ही दोन्ही गोष्टी नेमक्या टिपल्यात आणि दुसऱ्या डॉक्टरांकडे नेलंत, ते फार बरं केलंत.

पहिल्या एक्स-रेमध्ये दिसलं कसं नाही, असा राग तुम्हाला आला असेल. डेन्स एक्स-रेवर बघणं खरोखर अवघड असतं. समोरून बघायचा तर तोंड मोठं उघडायला लावून मधून फोटो घ्यावा लागतो. दातांच्या, जबड्याच्या, कवटीच्या सावल्या त्यावर पडतात, आणि या वयात मणक्यांची झीज असतेच, तिच्या रेघांत बारीक भेग हरवून जाते. म्हणूनच वयस्कर माणूस पडून मान दुखत असेल तर आता सीटीच करावा असं मानलं जातं. २००१ मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी मानेच्या दुखापतीसाठी जो नियम मांडला, त्यातही वय ६५ किंवा जास्त असलं की नुसतं हाताने तपासून घरी पाठवू नये, फोटो काढावाच, असं आहे. हे पत्र वाचणाऱ्या इतरांसाठी : घरातलं म्हातारं माणूस कपाळावर किंवा तोंडावर पडलं आणि नंतर मान दुखते म्हणालं, तर पडणं किरकोळ होतं म्हणून सोडून देऊ नका. सत्तरीपुढच्या लोकांत मानेच्या मणक्यांमधलं सगळ्यात जास्त आढळणारं फ्रॅक्चर हेच आहे आणि ते बहुतेक वेळा उभ्या उंचीवरून पडूनच होतं. कपाळ आपटतं, डोकं मागे झुकतं आणि डेन्स बुडाशी तुटतो.

रिपोर्टमधल्या 'टाइप टू'चा अर्थ सांगतो, कारण दोन डॉक्टरांच्या मतभेदाचं मूळ तिथे आहे. अँडरसन आणि डी'अलोन्झो या दोघांनी १९७४ मध्ये डेन्सच्या फ्रॅक्चरचे तीन प्रकार केले. टाइप वन म्हणजे नुसतं टोक तुटणं, ते क्वचित दिसतं. टाइप थ्री म्हणजे भेग खाली मणक्याच्या जाड अंगात उतरणं. तिथे हाड रुंद आणि आतून भरपूर जाळीदार असतं, त्यामुळे कॉलरमध्ये ते सहसा छान जुळतं. टाइप टू या दोघांच्या मधला, डेन्सच्या बुडाशी, जिथे तो सगळ्यात अरुंद असतो. हाच सगळ्यात जास्त आढळतो आणि जुळायला सगळ्यात नाठाळही हाच. तुटलेल्या दोन टोकांचा एकमेकांना लागणारा भाग इवलासा. आतलं जाळीदार हाड मुळातच थोडं आणि वयानुसार आणखी विरळ झालेलं. भोवतीचे अस्थिबंध वरच्या तुकड्याला ओढत असतात, त्यामुळे भेग मिटून राहत नाही. रक्तपुरवठ्याचीही अडचण सांगितली जाते.

इथे एक गंमतीची गोष्ट आहे. आईच्या पोटात आपण घडत असतो तेव्हा डेन्स हा खरं तर पहिल्या मणक्याचा पुढचा जाड भाग असतो. तो पहिल्याला सोडून दुसऱ्याला चिकटतो आणि पहिल्याचं फक्त कडं उरतं. लहान मुलांत डेन्स आणि दुसरा मणका यांच्या मध्ये कूर्चेची पट्टी असते, ती साधारण सहा वर्षांपर्यंत भरून येते. त्या वयातल्या मुलाच्या सीटीवर ती पट्टी पाहून फ्रॅक्चर आहे की काय, अशी शंका अनुभवी डॉक्टरांनाही क्षणभर येऊ शकते.

कॉलर की ऑपरेशन? मी बाबांना तपासलेलं नाही, त्यांचे फोटो पाहिलेले नाहीत, त्यामुळे अमुक करा असं सांगणं चुकीचं ठरेल. पण तुम्हाला भेटलेले दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असू शकतात, हे नक्की सांगतो. या वयातल्या टाइप टू फ्रॅक्चरबद्दल जगभरातल्या मणक्याच्या तज्ज्ञांमध्ये एकमत नाही. दोन मतं आली म्हणजे कुणीतरी फसवतंय असं समजू नका.

कॉलरच्या बाजूने काय? भूल नाही, कापाकापी नाही. ७९ व्या वर्षी हृदय, फुप्फुसं, किडनी यांच्यावर ऑपरेशनचा ताण येतो, तो टळतो. पण कडक कॉलरसुद्धा या वरच्या जोडीला पूर्णपणे स्थिर करू शकत नाही आणि पन्नाशीनंतर हे हाड न जुळण्याची शक्यता बरीच वाढते. तुकडा ५-६ मिलिमीटरच्या पुढे सरकलेला असेल, उपचार उशिरा सुरू झाले असतील किंवा माणूस धूम्रपान करत असेल तर आणखीच. बाबांचं सरकणं २ मिलिमीटर, ही जमेची बाजू. उपचाराला झालेला उशीर, ही उणी बाजू.

मात्र हाड जुळलं नाही म्हणजे सगळं फसलं, असं नसतं. पुष्कळ वयस्कर माणसांत भेग हाडाने भरून येत नाही, पण तिथे चिवट तंतूंचा सांधा तयार होतो, तुकडा जागचा हलत नाही आणि माणूस पुढची वर्षं विनातक्रार जगतो. या वयात अनेक डॉक्टर एवढ्यावर समाधान मानतात, आणि मला ते पटतं. आपल्याला हवाय तो बाबांचा चांगला दिवस, सीटीवरचं देखणं चित्र नव्हे.

ऑपरेशनच्या बाजूने काय? ते हाड पक्कं होण्याची शक्यता नक्कीच वाढवतं. तुकडा जास्त सरकलेला असेल, कॉलर लावूनही सरकत चालला असेल, आडवा अस्थिबंध फाटला असेल किंवा मज्जारज्जूवर दाब येत असेल, तर ऑपरेशनचं पारडं जड होतं. ते दोन तऱ्हांनी होतं. एक, गळ्याच्या पुढून डेन्समध्येच स्क्रू घालून दोन तुकडे एकत्र आणायचे. यात मान वळण्याची क्षमता टिकते, पण हाड ठिसूळ असेल तर स्क्रू पकड घेत नाही आणि म्हाताऱ्या माणसांना नंतर गिळायला त्रास होण्याचं प्रमाण बरंच असतं. दोन, मानेच्या मागून पहिला आणि दुसरा मणका स्क्रूंनी एकमेकांशी जखडायचे. ही पकड भक्कम असते. यात मान वळण्यातली ती निम्मी हालचाल कायमची जाते. सगळं अंग वळवून बघायची सवय करावी लागते आणि बहुतेक लोक ती करतातही.

या दुसऱ्या पद्धतीबद्दल एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आज जगभर ती 'गोएल-हार्म्स' या नावाने ओळखली जाते. त्यातले गोएल म्हणजे तेव्हा मुंबईच्या केईएम रुग्णालयात असलेले न्यूरोसर्जन डॉ. अतुल गोएल. पहिल्या मणक्याच्या बाजूच्या जाड भागात आणि दुसऱ्या मणक्यात स्क्रू घालून ते पट्टीने जोडायची पद्धत त्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केली. जर्मनीच्या हार्म्स यांनी २००१ मध्ये पट्टीऐवजी दांडी वापरून तिचं सुधारित रूप मांडलं. त्याआधी हे दोन मणके मुख्यतः तारेने बांधायचे आणि तार कितपत धरेल याची धास्ती असायची.

या भागात ऑपरेशन करताना सर्जनला सगळ्यात जास्त सांभाळावी लागते ती मणक्यातून जाणारी धमनी. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त देणारी व्हर्टेब्रल धमनी मानेतल्या मणक्यांच्या बाजूच्या भोकांतून वर चढते आणि दुसऱ्या मणक्यात येऊन बाहेरच्या बाजूला वळण घेते. काही लोकांत हे वळण नेहमीपेक्षा उंचावर असतं, आणि मग स्क्रूला जागाच उरत नाही. म्हणून ऑपरेशनआधी धमन्यांचा सीटी करतात. तो सांगितला तर खर्च वाढवायला सांगितला असं समजू नका.

पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारण्यासारखे प्रश्न हे : आडवा अस्थिबंध शाबूत आहे का, आणि त्यासाठी एमआरआय करायचा का? भेगेची दिशा कशी आहे? बाबांच्या हाडांची घनता लक्षात घेता स्क्रू धरेल का? कॉलरने हाड जुळलं नाही, पण स्थिर राहिलं, तर ते तुम्हाला चालेल का? आणि कॉलरमध्ये तुकडा सरकू लागला तर तुम्ही कधी आणि काय कराल? शेवटचे दोन प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचे वाटतात. ज्या डॉक्टरांकडे त्यांची सरळ उत्तरं असतील, त्यांच्याकडे उपचार घ्या, मग ते कॉलरवाले असोत की ऑपरेशनवाले. बाबांना स्वतःला काय हवंय तेही त्यांच्यासमोरच विचारा. मान त्यांची आहे.

कॉलर टोचते ही तक्रार खरी असते, तिच्याकडे हट्ट म्हणून बघू नका. नीट न बसलेली कॉलर हनुवटीखाली, गळ्याच्या हाडावर आणि डोक्याच्या मागे कातडी सोलून काढते. जखम झाली की कॉलर लावताच येत नाही आणि सगळा उपचार अडतो. म्हणून मापाची कॉलर पुन्हा एकदा ज्यांनी दिली त्यांच्याकडूनच बसवून घ्या. फोमची मऊ कॉलर आपल्या मनाने बदलून लावू नका.

रोजची स्वच्छता कशी करायची ते दवाखान्यात एकदा समोर करून दाखवायला सांगा आणि मगच घरी करा. पद्धत साधारण अशी असते. बाबांना उताणं, सपाट झोपवायचं. उशी किती जाडीची ते डॉक्टरांना आधी विचारून ठेवायचं, कारण काहींच्या पाठीला इतका बाक असतो की उशी काढली तर डोकं मागे पडतं आणि भेग उघडते. एकाने डोक्याच्या बाजूला बसून दोन्ही हातांच्या तळव्यांमध्ये डोकं स्थिर धरायचं, ओढायचं नाही, नुसतं धरायचं. दुसऱ्याने पट्टे सोडून कॉलरचा पुढचा भाग काढायचा, ओल्या कपड्याने हनुवटी, गळा, कानामागची जागा पुसायची, पूर्ण कोरडी करायची. दाढी याच वेळी. कुठे लालसर डाग दिसला तर त्यावर बोट दाबून बघा. बोट उचलल्यावरही लाल तसाच राहिला, तर तिथे दाब येतोय, डॉक्टरांना कळवा. आतल्या गाद्या बदला, पुढचा भाग लावा, मग डोकं-खांदे-कंबर एका रेषेत ठेवून एका कुशीवर वळवा आणि मागचा भाग तसाच स्वच्छ करा. पावडर, तेल, क्रीम काही लावू नका. घाई असेल त्या दिवशी हे काम काढू नका.

कॉलरमुळे दोन गोष्टी होतात, त्यांबद्दल आधी सांगितलेलं बरं. एक म्हणजे गिळायला त्रास. जेवताना ताठ बसवा, लहान घास द्या, घाई करू नका. खाताना-पिताना ठसका लागू लागला किंवा आवाज ओला, घोगरा येऊ लागला, तर लगेच सांगा. अन्न श्वासनलिकेत जाऊन होणारा न्यूमोनिया या वयात कधी कधी फ्रॅक्चरपेक्षा जास्त घातक ठरतो. दुसरं, कॉलर लावलेल्या माणसाला स्वतःचे पाय दिसत नाहीत. मग तो पायदळी येणाऱ्या वस्तूंना अडखळतो. वाटेतली पायपुसणी, वायरी उचलून टाका, रात्री मंद दिवा चालू ठेवा आणि जिन्यावर कुणीतरी सोबत असू द्या.

आता ज्या गोष्टी दिसल्या तर वाट न बघता दवाखाना गाठायचा, त्या सांगतो. हातांत किंवा पायांत नवीन मुंग्या, बधिरपणा, कमजोरी. शर्टाची बटणं लावताना, सही करताना बोटं आधीसारखी न चालणं. चालताना पाय ताठ पडणं, तोल जाणं. मान जराशी हलली की पाठीच्या कण्यातून वीज गेल्यासारखं होणं. लघवी अडणं किंवा नकळत होणं. श्वास लागणं. अचानक वाढलेली कळ. यातलं काही आज नसलं तरी पुढच्या काही महिन्यांत, अगदी काही वर्षांनीही हळूहळू सुरू होऊ शकतं, कारण न जुळलेला तुकडा हलत राहिला तर मज्जारज्जू रोज थोडा थोडा घासला जातो. बटणांकडे विशेष लक्ष ठेवा. माणूस वय झालंय म्हणून ते सोडून देतो आणि घरच्यांच्याही लक्षात येत नाही.

यापुढे बाबांना दुसऱ्या कुठल्याही कारणासाठी भूल द्यायची वेळ आली, तर भूलतज्ज्ञाला हे फ्रॅक्चर आधीच सांगा. श्वासनळीत नळी घालताना मान मागे झुकवतात. आधी माहीत असेल तर ते मान न हलवता कॅमेऱ्याच्या मदतीने नळी घालतात. रिपोर्टची एक प्रत पाकिटात ठेवा.

आणखी एक विषय राहतो, आणि त्याकडे सहसा कुणी बघत नाही. बाबा चालता चालता पडले आणि मणका मोडला. उभ्या उंचीवरून पडून हाड मोडतं, तेव्हा हाडांची ठिसुळी आहे असंच धरून चालायचं असतं. मानेवर उपचार होतात, हाडं तशीच राहतात आणि वर्षभरात खुबा मोडतो, हे टाळता येण्यासारखं आहे. हाडांच्या घनतेची तपासणी, ड जीवनसत्त्व आणि कॅल्शियमची पातळी, आणि ठिसुळीवरचं औषध, हे तिन्ही स्वतःहून विचारा. पुरुषांना हा आजार होत नाही हा समज चुकीचा आहे.

ते पडले का, हेही शोधायला हवं. झोपेची गोळी चालू आहे का? रक्तदाबाच्या गोळ्यांनी उठल्या उठल्या दाब एकदम खाली जातो का? झोपलेले असताना आणि उभं राहिल्यावर एक-तीन मिनिटांनी रक्तदाब मोजला की हे कळतं. रात्री लघवीला किती वेळा उठतात, प्रोस्टेटचा त्रास आहे का? चष्म्याचा नंबर कधी तपासला? रक्त पातळ करणारी गोळी असेल तर ती डॉक्टरांना वेगळी सांगा, कारण डोक्याला मार लागलेल्या माणसात उशिरानेही रक्तस्राव होऊ शकतो. आता डोकेदुखी वाढतेय किंवा ते गोंधळल्यासारखे, झोपाळू वाटतायत असं झालं, तर मानेच्या आधी डोक्याचा सीटी पुन्हा लागेल.

मावशींना काय सांगायचं हे तुम्ही विचारलेलं नाही, पण त्यांना काळजी आहे म्हणूनच त्यांनी नाव सुचवलं. त्यांना सीटीचं बाजूने घेतलेलं चित्र दाखवा. मधोमध एक चौकोनी मणका आणि त्यातून वर जाणारा सुळका दिसेल. त्याच्या बुडाशी आडवी काळी रेघ आहे आणि सुळका किंचित मागे कललेला आहे, एवढं दाखवलं की हात लावायचा नाही हे त्यांना कळेल. आणि घरात कुणाला संधिवाताचा, म्हणजे रुमॅटॉइडचा, जुना आजार असेल, तर त्यांनीही मान मोडून घेणं, बसवून घेणं टाळावं. त्या आजारात आडवा अस्थिबंध सैल पडू शकतो, आणि न पडता, न आपटता हे दोन मणके एकमेकांवर सरकू लागतात.

पहिले काही आठवडे दर एक-दोन आठवड्यांनी एक्स-रे होईल, तो चुकवू नका, सरकू लागलेला तुकडा तिथेच सापडतो. तीन महिन्यांच्या आसपास बहुधा पुन्हा सीटी होईल आणि त्यानंतर मान पुढे-मागे वाकवून एक्स-रे काढतील. भेगेशी हालचाल होते का, हे त्यात बघतात. ते वाकवणं डॉक्टर समोर असताना, बाबांनी स्वतःच्या ताकदीने, जेवढं जमेल तेवढंच करायचं. त्याच्या आधी घरी कॉलर काढून "आता जमतंय का बघू" असं करू नका. पुढच्या भेटीला जाताना पहिल्या दिवसापासूनचे सगळे फोटो आणि सीटीची सीडी बरोबर न्या. नुसता लिखित रिपोर्ट पुरत नाही, २ मिलिमीटरचे ३ झाले की नाही हे मूळ फोटो शेजारी शेजारी ठेवूनच कळतं.